बसतो तो भाग जुळतोच असे नाही

वऱ्हाडातल्या जुन्या घरांची आवराआवर निघाली की काही वस्तू हमखास बाहेर येतात. काच फुटलेला कंदील, पितळी अडकित्ता, चावी हरवलेले भिंतीवरचे घड्याळ, आणि एखाद्या घरी छर्ऱ्यांची बंदूक. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात अशा बंदुका फार नाहीत, पण आहेत. कुणाच्या आजोबांनी कापसाच्या चांगल्या सालात हौसेने घेतलेली, कुणाच्या मामांनी मुंबईहून आणलेली, कुणाकडे जत्रेतल्या फुगेवाल्याने धंदा बंद करताना विकून टाकलेली. चाळीस-पन्नास वर्षे ती कोठीच्या खोलीत धूळ खात पडलेली असते. मग एक दिवस घरातला कॉलेजात जाणारा नातू तिला खाली काढतो, तिच्यावरून तेलाचे फडके फिरवतो आणि जाहीर करतो, "आबा, आपण हिला अपग्रेड करू."

अपग्रेड हा या पिढीचा लाडका शब्द. फोन अपग्रेड होतो, गाडी होते, मग बंदुकीनेच काय घोडे मारले आहे? नवी कडक स्प्रिंग टाकायची, चामड्याच्या वायसरऐवजी सिंथेटिक सील लावायचे, वर एक दुर्बीण चढवायची. सुटे भाग आता घरपोच येतात. पार्सल फुटते, नातू स्प्रिंग नळकांड्यात सरकवून पाहतो आणि खुशीत ओरडतो, "बसून राह्यली ना बरोबर!"

या "बसून राह्यली"बद्दलच मला आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. बसणे आणि जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाच्या बाबतीत आपल्याला हे पक्के ठाऊक असते. पत्रिका बसली तरी माणसे जुळतील का, म्हणून आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. यंत्राच्या बाबतीत मात्र भोकात खिळा शिरला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. तिथेच खरे दुखणे सुरू होते.

आधी ही बंदूक चालते कशी ते पाहू. सायकलीला हवा भरायचा पंप प्रत्येकाने हाताळलेला असतो. पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा जोरात लोटला की आतली हवा दबते आणि पंपाचे टोक गरम लागते. जुन्या छर्ऱ्याच्या बंदुकीत हेच घडते, फक्त डोळ्याचे पाते लवायच्या आत. नळी खाली मोडली की आतली पोलादी स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन चापाच्या अडकणीत जाऊन बसतो. नळीच्या मागच्या तोंडात छर्रा ठेवायचा, नळी बंद करायची, चाप ओढायचा. अडकण सुटते, स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, पिस्टनपुढची हवा दबते, तापते आणि छर्ऱ्याला नळीतून ढकलते. गंमत अशी की पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळू नये म्हणून त्याला थोपवतेही तीच दबलेली हवा. म्हणजे स्प्रिंग, पिस्टन, वायसर, हवा जाण्याचे बारीक भोक, नळी आणि छर्रा ही सहा जणांची एकत्र कुटुंबपद्धती आहे. एकाने आवाज वाढवला की बाकीच्या पाचांना त्याची झळ लागते. छर्रा न घालता रिकामी बंदूक उडवू नये असे जुने लोक सांगत, त्याचे कारणही हेच. पुढे अडथळा नसला की हवा सटकून जाते, गादी राहत नाही आणि पिस्टन लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा टोकावर जाऊन ठोकतो.

आता "जुळणे" तपासायचे म्हणजे काय करायचे? पहिली पायरी म्हणजे आपल्या हातात नेमकी कोणती बंदूक आहे ते ओळखणे. हे वाटते तितके सोपे नाही. उदाहरण घ्या डायनाचे. डायना हे नाव जर्मनीतल्या राश्टाट गावच्या मायर उंड ग्रामेलश्पाखर या कंपनीचे. ही कंपनी १८९० पासूनची. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रसामग्री जेत्यांनी ब्रिटनमध्ये नेली आणि स्कॉटलंडमधल्या मिलब्रो कंपनीने त्याच यंत्रांवर, त्याच डायना नावाने बंदुका काढल्या. पुढे जर्मन कंपनी पुन्हा उभी राहिली, पण ब्रिटनमध्ये तिला स्वतःचेच नाव वापरता येईना. तिथे तिचा माल 'ओरिजिनल' या नावाने विकला गेला. १९८० च्या दशकात ते नाव तिला परत मिळाले. म्हणजे एकाच नावाच्या दोन बंदुका, एक जर्मनीत वाढलेली आणि दुसरी स्कॉटलंडमध्ये, आणि एकाच घराण्याच्या बंदुकीवर दोन नावे. नुसते 'डायना' एवढे नाव सांगून सुटा भाग मागवणे म्हणजे नुसते 'पिंपळगाव' लिहून पत्र टाकण्यासारखे आहे. पिंपळगाव बसवंतला जाईल, पिंपळगाव हरेश्वरला जाईल, नशीब असेल तर पिंपळगाव राजाला येईल.

आपल्याकडचा इतिहासही असाच गुंतागुंतीचा आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली स्थापन केलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी आपल्याला सिमेंटच्या मोठमोठ्या नळांसाठी माहीत. याच कंपनीने 'आयएचपी' या छापाच्या एअर रायफली आणि एअर पिस्तुलेही बनवली, हे किती जणांना ठाऊक असेल? भारतीय कारखान्यांत बनलेल्या बंदुकांपैकी काही परदेशी नमुन्यांच्या वळणावर होत्या. पण वळण सारखे म्हणजे माप सारखे नव्हे. जुळ्या भावांचेही जोडे एकमेकांना होतातच असे नाही.

तीच गोष्ट स्क्रूची. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचे एक ठरावीक माप सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. आज सर्रास मिळणाऱ्या मेट्रिक स्क्रूचा कोन ६० अंशांचा. जुन्या इंग्रजी मालाचे आटे इंचाच्या हिशेबातले. त्यात मेट्रिक स्क्रू घातला तर दोन-तीन फेरे छान जातो. मग जड होतो. आपण म्हणतो, गंज असेल, आणि पान्याला जोर लावतो. कडकन आवाज येतो आणि सत्तर वर्षे शाबूत असलेले आटे मरतात. "बसतो"वर विश्वास ठेवण्याची ही पहिली किंमत.

यात एक विलक्षण योगायोग आहे. कुठलाही भाग उचलावा आणि कुठल्याही नगाला बसावा, ही कल्पना जी वाढली ती बंदुकांच्याच कारखान्यात. फ्रान्समधल्या ऑनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने १७८५ साली थॉमस जेफरसनला बंदुकीच्या चापाच्या यंत्रणेचे सुटे भाग दाखवले. जेफरसन तेव्हा अमेरिकेचा पॅरिसमधला वकील होता. त्याने ढिगातून हाताला येतील ते भाग उचलले, जोडले, आणि ते चपखल बसले. या गोष्टीने तो इतका थक्क झाला की त्याने मायदेशी पत्र लिहून ती कळवली. आज आपण सायकलपासून मिक्सरपर्यंत सगळ्याचे भाग बाजारातून आणतो, त्यामागे ही विद्या आहे. पण ती विद्या मापावर उभी आहे. मापाची शिस्त जिथे संपते तिथे अदलाबदलही संपते. जुनी, चार मालकांच्या आणि दोन मिस्त्रींच्या हातांतून गेलेली बंदूक ही त्या शिस्तीबाहेर गेलेली वस्तू असते. तिच्यात आधीच कुणी कुठली स्प्रिंग कापून घातली आहे, कुणी पिस्टन घासला आहे, हे उघडून मोजल्याशिवाय कळत नाही.

तर मग मोजायचे काय? स्प्रिंगपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांचा डोळा तिच्यावरच असतो. स्प्रिंगची पाच मापे घ्यावी लागतात: बाहेरचा व्यास, आतला व्यास, तारेची जाडी, मोकळी लांबी आणि वेटोळ्यांची संख्या. बाहेरचा व्यास पिस्टनच्या पोटात मावला पाहिजे, आतला व्यास मधल्या दांड्यावर सैलही नको आणि घट्टही नको. इथपर्यंत सगळे पाहतात. पुढचा हिशेब मात्र करत नाहीत. समजा जुनी तार ३ मिलिमीटर जाडीची आहे आणि वेटोळी ३० आहेत. स्प्रिंग पूर्ण दाबली, वेटोळ्याला वेटोळे चिकटले, की तिची लांबी ९० मिलिमीटर होणार. बंदूक मोडल्यावर पिस्टनमागे समजा ९५ मिलिमीटर जागा उरते. ठीक आहे, काम चालले. आता नातवाने मागवलेली 'कडक' स्प्रिंग साडेतीन मिलिमीटर तारेची आहे, वेटोळी तितकीच. तिची दबलेली लांबी झाली १०५. ती ९५ मध्ये मावणार कशी? बंदुकीत ती आरामात "बसते", पण पिस्टन अडकणीपर्यंत पोचतच नाही. मग पोरगा गुडघ्यावर नळी टेकवून सगळे वजन टाकतो. वाकते ती कधी दांडी, कधी नळी.

वेटोळी कापून जागा करून घेतली तरी गोष्ट संपत नाही. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास आणि वेटोळी तीच ठेवून तार ३ वरून साडेतीनवर नेली तर ताठपणा सुमारे १.८५ पट होतो, आणि वेटोळी कमी केली की आणखी वाढतो. दिसायला अर्ध्या मिलिमीटरचा फरक, परिणामात जवळजवळ दुप्पट. हा दुप्पट भार आता कुणी पेलायचा? चापाच्या त्या छोट्याशा खाचेने, जी पन्नास वर्षांत घासून गोल झाली आहे. नळी उघडी असताना, मुलगा छर्रा ठेवत असताना ती खाच सुटली तर नळी फटकन वर येते आणि मधे बोटे असतात. म्हणून दोन नियम घरात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची. आणि चापाची अडकण तपासल्याशिवाय स्प्रिंगला हात लावायचा नाही.

वायसरची कथा निराळी. जुन्या बंदुकांत पिस्टनच्या तोंडाला चामड्याची वाटी असते, मधोमध स्क्रूने आवळलेली. चामडे मायाळू असते. सिलिंडरमध्ये थोडे ओरखडे असले, थोडी गोलाई बिघडलेली असली तरी ते स्वतःला त्यात सामावून घेते. त्याला मात्र अधूनमधून तेलाचे थेंब लागतात, नाही तर ते सुकून कडक होते. कित्येक बंदुकांचा 'जोर गेला' असे आपण म्हणतो तेव्हा गेलेला नसतो जोर, सुकलेले असते चामडे. सिंथेटिक सील उलट स्वभावाचे. त्याला गुळगुळीत, नेमक्या मापाचा सिलिंडर लागतो आणि त्याची बैठकही वेगळी असते. बहुतेक वेळा पिस्टनचे टोकच वेगळ्या घडणीचे लागते. चामड्याच्या पिस्टनवर ते ओढूनताणून चढवले तर आठवड्याभरात फाटते. शिवाय तेलाचे पथ्य बदलते. चामड्याला जे तेल हवे तेच सिंथेटिक सीलच्या पुढे साचले तर दबलेल्या तापलेल्या हवेत पेट घेते. मोठा बार होतो, नळीतून धूर येतो आणि पोरे टाळ्या पिटतात, "पाहा, किती पॉवर वाढली!" वाढलेली नसते, सील जळत असते.

नळीच्या मागच्या तोंडाशी एक छोटी कडी असते, चामड्याची किंवा रबराची. तिच्याकडे कुणी पाहत नाही आणि निम्मी हवा तिथूनच निसटते. नळी बंद करून त्या सांध्यावर पातळ कागदाचा कपटा ठेवावा आणि मोकळ्या जागी, सुरक्षित दिशेला छर्रा झाडावा. कपटा उडाला तर हवा गळते आहे. ती कडी बदलतानाही जाडी मोजायची. पातळ झाली तर गळती, जाड झाली तर नळी पुरती मिटत नाही.

आणि दुर्बीण. स्प्रिंगची बंदूक दोन्हीकडे धक्का देते. पिस्टन सुटताना मागे आणि थांबताना पुढे. या दुहेरी हिसक्यासाठी न बनवलेली दुर्बीण काही दिवसांत आतून खिळखिळी होते. शिवाय जुन्या बंदुकीच्या पाठीवर दुर्बीण धरायचे कंगोरे असतातच असे नाही. असले तर त्यांची रुंदी मोजावी. ११ मिलिमीटरचे माप जास्त आढळते, पण सगळीकडे तेच नसते. कंगोरे नसलेल्या बंदुकीवर वेल्डिंग करून पट्टी चिकटवण्याचे धाडस काही जण करतात. ज्या सिलिंडरच्या गोलाईवर सगळा कारभार चालतो त्याच सिलिंडरला आच देणे म्हणजे दागिना शोभून दिसावा म्हणून कानच कापून घेणे.

बँकेच्या नोकरीत शेतीकर्जाच्या पाहणीला जाताना हेच मी विहिरीवर पाहिले आहे. तीन हॉर्सपॉवरची मोटर काढून पाचची बसवलेली असायची. पाया तोच, पाइप तोच, केबल तीच, स्टार्टर तोच. मोटर "बसलेली" असायची यात शंका नाही. पण जास्तीचा प्रवाह जुन्या केबलला सोसत नसे, स्टार्टरचा रिले कमी मापावर म्हणून वारंवार पडे, आणि तो पडू नये म्हणून कुणीतरी त्याला काडी लावून ठेवी. मग वेटोळे जळे. आणि हे सगळे झाले तरी विहिरीचा झरा होता तेवढाच. पाच हॉर्सपॉवरने तीन तासांचे पाणी दोन तासांत उपसायचे आणि विहीर कोरडी पाहत बसायचे. ज्याची तूट आहे ते वाढवण्याऐवजी जे दिसते ते वाढवणे, हा आपला जुना रोग आहे.

बंदुकीत तूट कशाची आहे? जोराची नाहीच. ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत कागदावरचा दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. आणि तो वेधणाऱ्या बंदुकीचा जोर असतो साधारण ७ ज्यूलच्या आसपास. मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनीत याच प्रकारात अंतिम फेरीत पोचल्या, सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला, अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक आणले आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला. त्यांपैकी कुणालाही कडक स्प्रिंग लागली नाही. लागला तो स्थिर हात, नियमित श्वास आणि प्रत्येक वेळी अगदी तस्साच सुटणारा छर्रा. जत्रेतल्या फुगेवाल्यालाही हे बरोबर कळते. दिवसाला शेकडो वेळा बंदूक मोडणारा तो माणूस स्प्रिंग मऊच ठेवतो. त्याला हंगामभर टिकणारे यंत्र हवे असते, आणि फुगा फुटायला किती जोर लागतो हे त्याच्याइतके कुणाला माहीत असणार?

आता कायद्याकडे वळू, कारण या खेळात सगळ्यांत महागात पडणारे माप तिथे आहे. आपल्याकडच्या २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअरगनचा तोंडाशी जोर २० ज्यूलपेक्षा जास्त नाही आणि जिच्या नळीचे माप ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. या मर्यादेपलीकडे गेलेली बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. म्हणजे नातवाने स्प्रिंगला हात न लावता, केवळ "जुन्या दांड्यावर साडेपाच मिलिमीटरची नळी बसते" म्हणून ती बसवली, तरी घरातली वस्तू शस्त्र कायद्याच्या दुसऱ्याच रकान्यात जाऊन पडते. जोराचा हिशेबही घरी करता येतो. छर्ऱ्याचे वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला वेगाच्या वर्गाने गुणा आणि दोन हजारांनी भागा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने निघाला तर ७.२ ज्यूल. तोच २८३ मीटर वेगाने निघाला तर बरोबर २० ज्यूल, म्हणजे काठावर. वेग मोजणारी लहान यंत्रे मिळतात, नेमबाजीच्या क्लबांतही असतात. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत आधीच विचारावे. नंतर सांगावे लागण्यापेक्षा आधी विचारणे कधीही स्वस्त.

पण कायद्यापेक्षाही मोठी एक गोष्ट आहे. जोर वाढवायचा तो कशासाठी? कागदाच्या निशाणासाठी तर नको, हे आपण पाहिले. मग उरते काय? फांदीवरचा होला, ज्वारीवरचे पोपट, छपरावरचे वानर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट, वानर यांना मारणे हा गुन्हा आहे. ज्ञानगंगेचे अभयारण्य आपल्या जिल्ह्यात आहे, त्याची रानपाखरे आपल्याच शेतांतून उडतात. राखणदाराची अडचण मला ठाऊक आहे. पीक तोंडाशी आले की पाखरांचे थवे उतरतात आणि शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो. पण आपल्या बापजाद्यांनी माचावर उभे राहून गोफण फिरवली ती पाखरे उठवण्यासाठी, पाडण्यासाठी नव्हे. गोफणीचा आवाजच काम करी. छर्रा आवाज करत नाही, जखम करतो. वानराच्या अंगात रुतलेला छर्रा त्याला चार दिवसांनी मारतो, आणि तोवर आपण घरी जेवून झोपलेलो असतो. अरुणाचल प्रदेशात तर शिकारीची परंपरा आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. तिथे २०२१ साली सरकारने लोकांना एअरगन आपण होऊन जमा करण्याचे आवाहन केले आणि दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी आणून दिल्या. पाखरांविना जंगल मुके झाले, हे त्यांना कळले.

आणि घरातले पाखरू? सात ज्यूलचा छर्राही डोळा फोडू शकतो. वीस ज्यूलचे तर बोलायलाच नको. जुन्या बंदुकीला बहुधा खटका नसतो, म्हणजे नकळत चाप ओढला जाऊ नये अशी सोय नसते. म्हणून बंदूक दुरुस्त करायची असेल तर पहिला खर्च कुलपाच्या पेटीवर करावा, दुसरा वायसरवर.

कुणी म्हणेल, मग काय ती भिंतीलाच लटकवून ठेवायची? मुळीच नाही. मी दुरुस्तीच्या बाजूचा माणूस आहे. टाकून देऊन नवे आणणे ही मला उधळपट्टी वाटते आणि थोडी कृतघ्नताही. पण दुरुस्ती म्हणजे वस्तूला तिच्या मूळ तब्येतीवर आणणे. म्हाताऱ्या माणसाला चष्मा द्यावा, कवळी द्यावी, गुडघ्याला तेल चोळावे. त्याला कुस्तीच्या आखाड्यात उतरवू नये. जुन्या बंदुकीला तिच्याच मापाची स्प्रिंग, तिच्याच जातीचे चामडे, तिच्या नळीला जुळणारा छर्रा मिळाला की ती पुढची पन्नास वर्षे पोराबाळांना नेम शिकवील. छर्ऱ्यांचेही असेच आहे. डबीवर माप एकच छापलेले असते, पण प्रत्यक्षात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे फरक असतात. दोन-तीन प्रकारच्या डब्या आणून, वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवून, मागे मातीचा बांध ठेवून दहा मीटरवर पाच-पाच छर्रे मारून पाहावेत. ज्याची भोके सर्वांत जवळजवळ पडतात तो तिचा छर्रा. हे खरे अपग्रेड. पैसे जवळजवळ शून्य.

यासाठी लागते काय? एक व्हर्नियर कॅलिपर, एक दोनशे पानी वही आणि सबुरी. उघडण्यापूर्वी फोटो काढावेत. स्प्रिंग सोडवताना ती डोक्यात बसू नये म्हणून शिकंजा वापरावा, आणि ते जमत नसेल तर जाणकाराकडेच जावे. प्रत्येक भागाचे माप वहीत लिहावे आणि मग मागवावे. पार्सल आल्यावर पुन्हा मोजावे, कारण कागदावरचे माप आणि हातातले माप एकच असेल असे नाही. एका वेळी एकच भाग बदलावा, म्हणजे बिघडले तर कशाने बिघडले ते कळते. जुना भाग फेकू नये. तारीख लिहून डब्यात ठेवावा. आणि जो मिस्त्री उघडून, मोजून, "हे नका टाकू, जुळत नाही" असे सांगतो, त्याला त्या सांगण्याचे पैसे द्यावेत. आपल्याकडे स्प्रिंग टाकणाऱ्याला मजुरी मिळते, टाकू नका म्हणणाऱ्याला मात्र चहासुद्धा मिळत नाही. म्हणून मोजणारे हात कमी होत चालले आहेत. खामगावसारख्या कापसाच्या गावात जिनिंगच्या यंत्रांवर घडलेली लेथवाल्यांची पिढी चामड्याची वाटी डोळ्यांनी पाहून कापून देई. ती विद्या पुस्तकात नाही. ती त्या माणसांबरोबरच जाणार आहे, आपण तिला गिऱ्हाईक दिले नाही तर.

घरातल्या तरुण मुलाला जुन्या यंत्राची हौस वाटते, हे भाग्याचे लक्षण समजावे. त्याला हिडीसफिडीस करू नये. त्याच्या हातात स्प्रिंगच्या आधी कॅलिपर द्यावा आणि सांगावे, "बावा, पह्यले मोज, मंग बोल." ज्याला अर्ध्या मिलिमीटरचा अर्थ कळला, त्याला पुढे आयुष्यात मोटर घेताना, कर्ज घेताना, घर बांधताना कुणी "बसते की राव" म्हणून फसवू शकणार नाही.